वादळ क्षीण झाले, म्हणजे नेमके काय झाले?

ता. ३ जून २०२० च्या संध्याकाळी माझ्या मामांचा फोन आला. चोपडा तालुक्यात त्यांची अडीच एकर केळी आहे. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळल्याचे त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते, आणि ते नाशिकवरून आपल्या बाजूला सरकणार असेही ऐकले होते. बागेत घड लटकत होते, काही तर काढणीला आलेले. "तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग, ते वादळ इथवर येईल का? टेकू द्यायला माणसे बोलावू का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "मामा, जमिनीवर आले की चक्रीवादळाचा जोर संपतो. ते क्षीण होत चालल्याचे आत्ताच बातम्यांत सांगितले. तुम्ही निवांत झोपा."

रात्री पाऊस आला आणि वाऱ्याचे झोतही येत राहिले. सकाळी मामांनी मोजले तेव्हा ऐंशीच्या आसपास खोडे आडवी झाली होती. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांचा त्या दिवशी जो विध्वंस झाला त्यापुढे हे नुकसान काहीच नव्हे, हे मला मान्य आहे. मामांनी मला बोलही लावला नाही. ते एवढेच म्हणाले, "क्षीण झाले होते म्हणालास ना तू?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे जसजसा विचार केला, तसतसे माझ्या लक्षात आले की माझे भौतिकशास्त्र फारसे चुकले नव्हते. चुकला होता तो शब्द. 'वादळ क्षीण झाले' हे वाक्य अपुरे आहे. वादळाचे काय क्षीण झाले, वारा, पाऊस, आकार की आयुष्य, हे त्यात सांगितलेलेच नाही. आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला नेमके तेच कळायला हवे असते.

हवामान खात्याच्या भाषेत या शब्दाला अगदी काटेकोर अर्थ आहे, तो आधी पाहू. समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की त्याच्या केंद्राभोवतीचा वारा किती वेगाने वाहतो, यावरून त्याला नाव मिळते. हा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने धरतात. ताशी ३१ ते ४९ कि.मी. वारा असेल तर तो 'अवदाब'. ५० ते ६१ असेल तर 'खोल अवदाब'. ६२ ते ८८ झाला की 'चक्रीवादळ' आणि त्याचे बारसे. ८९ ते ११७ म्हणजे 'तीव्र चक्रीवादळ'. त्यापुढेही पायऱ्या आहेत, पण त्यांची येथे गरज नाही. वादळ या शिडीवरून एक पायरी खाली उतरले की बातमीपत्रात लिहिले जाते, 'वादळ क्षीण झाले'. त्याचा अर्थ एवढाच की केंद्राजवळच्या सरासरी वाऱ्याचा वेग अमुक आकड्याच्या खाली गेला. या शिडीवर पावसाला पायरीच नाही. पावसाचा इशारा त्याच पत्रकात निराळ्या परिच्छेदात दिलेला असतो, पण तो परिच्छेद मथळ्यात येत नाही.

'निसर्ग'चा प्रवास या शिडीवर मांडून पाहा. ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून जमिनीवर आले. तेव्हा वारा ताशी ११० ते १२० कि.मी. होता आणि त्याचे झोत १३० पर्यंत जात होते. केंद्रातला वायुभार ९८४ मिलिबारपर्यंत उतरला होता. संध्याकाळपर्यंत ते उत्तर मध्य महाराष्ट्रात येऊन साधे 'चक्रीवादळ' झाले, रात्री 'खोल अवदाब' झाले, आणि ४ जूनच्या सकाळी पश्चिम विदर्भात त्याचा नुसता 'अवदाब' उरला. अलिबागपासून जळगाव सरळ रेषेत जवळजवळ चारशे कि.मी. आहे. एवढे अंतर कापून, पायऱ्या उतरत उतरत, ते मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या दाराशी आले. मी मामांना जे सांगितले ते शिडीच्या हिशेबाने बरोबरच होते!

आता हा जोर कमी का होतो, ते पाहू. चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे एक प्रचंड इंजिन आहे आणि त्याचे इंधन आहे समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ. पाण्याचे तापमान सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असेल तर भरपूर वाफ हवेत मिसळते. ही दमट हवा केंद्राकडे ओढली जाते, वर चढते, वर गेल्यावर थंड होते, वाफेचे पाणी होते आणि वाफेत दडलेली सुप्त उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, खाली दाब आणखी उतरतो, आणि चक्र चालू राहते. वादळ जमिनीवर आले की वाफेचा हा ताजा पुरवठा तुटतो. शिवाय डोंगर, झाडे आणि घरे यांच्या घर्षणाने जमिनीलगतचा वारा मंदावतो. मंदावलेला वारा केंद्राभोवती नीट फिरत राहू शकत नाही. तो तिरपा होऊन आत घुसतो आणि मधला खड्डा भरून काढतो. दाबातला फरक कमी झाला की वाराही कमी होतो. इतके आपण वर्गात शिकवतो, आणि ते खरे आहे.

पण शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. घर्षणामुळे वारा तिरपा होऊन आत घुसतो, असे मी म्हटले. आत घुसलेली हवा जाणार कोठे? तिला वर चढण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आणि दमट हवा वर चढली की पाऊस पडणारच. म्हणजे जे घर्षण वाऱ्याचा जोर मोडते, तेच घर्षण पावसाला काही काळ हातभारही लावते. वादळाने समुद्रावरून आणलेली वाफ किनारा ओलांडताक्षणी नाहीशी होत नाही. त्याचे मोठे भोवरे दोनतीनशे कि.मी. दूरच्या समुद्रावरून आणखी काही वेळ दमट हवा खेचत राहतात. त्यात सातपुडा किंवा अजिंठ्याची रांग आडवी आली तर ती हवा डोंगरउतारावरून वर ढकलली जाते. केंद्राजवळचा वारा अर्ध्यावर आला म्हणून पाऊसही अर्ध्यावर येईल, असा नियम भौतिकशास्त्रात कोठेच नाही.

एक साधे गणित करू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतः तपासावे. जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५ चौरस कि.मी. आहे. समजा, एखाद्या अवदाबामुळे साऱ्या जिल्ह्यावर सरसकट १०० मि.मी. पाऊस पडला. पाण्याचे घनफळ किती झाले? सुमारे ११८ कोटी घनमीटर. गिरणा धरणाची साठवण सुमारे साडेएकवीस टीएमसी, म्हणजे ६१ कोटी घनमीटरच्या आसपास आहे; तेव्हा हे पाणी जवळजवळ दोन गिरणा धरणे भरण्याइतके झाले. आता एक किलोग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २५ लाख जूल उष्णता बाहेर पडते. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलोग्रॅम. गुणाकार केला तर उत्तर येते २.९ × १०^१८ जूल. विजेच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ८०० अब्ज युनिट! आपला देश अलीकडे वर्षभरात जेवढी वीज निर्माण करतो, तिच्या जवळजवळ निम्मी.

एवढी प्रचंड ऊर्जा मग जाते कोठे? तिचा फार मोठा भाग हवा तापवण्यात आणि वर उचलण्यात खर्च होतो आणि शेवटी अवकाशात निघून जातो. वाऱ्याच्या गतीत तिचा अगदी अल्प अंश उतरतो. पूर्ण भरात असलेल्या चक्रीवादळातसुद्धा पावसातून मोकळी होणारी ऊर्जा ही वाऱ्याच्या ऊर्जेच्या शेकडो पट असते. म्हणजे आपण वादळाचा मोठेपणा मोजतो तो त्याच्या जमाखर्चातल्या सर्वांत लहान रकमेवरून! ती रक्कम आणखी लहान झाली की आपण म्हणतो, वादळ संपले. एखाद्या सावकाराच्या खिशातली चिल्लर संपली म्हणून तो कंगाल झाला, असे कोणी म्हणत नाही.

हे निव्वळ कागदावरचे गणित नाही, याचा दाखला 'निसर्ग'नंतर सव्वा वर्षातच मिळाला. ता. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून येऊन आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढले. वाऱ्याच्या मानाने ते 'निसर्ग'पेक्षा सौम्य होते. २७ तारखेच्या सकाळी ते खोल अवदाब झाले, त्याच संध्याकाळी तेलंगणात अवदाब झाले, आणि २८ ला विदर्भापर्यंत पोचून 'ठळक कमी दाबाचे क्षेत्र' एवढेच नाव त्याच्या वाट्याला उरले. शिडीची शेवटची पायरीदेखील त्याने सोडली होती. पण याच दोन दिवसांत मराठवाड्यात काय झाले ते आठवा. मांजरा आणि तेरणा या नद्यांना पूर आले, गावांना वेढे पडले, आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. सोयाबीन उभ्या शेतात कुजले. आपल्या खानदेशातही २८-२९ तारखेला जोराचा पाऊस झाला.

'निसर्ग' वेगाने पुढे निघून गेले. अलिबाग ते जळगाव हे अंतर त्याने सुमारे बारा तासांत कापले. 'गुलाब'चे अवशेष मात्र रेंगाळत आले, आणि तेही मोसमी पावसाने जमीन आधीच तुडुंब झालेली असताना. पावसाची एकूण बेरीज म्हणजे ताशी पडणारा पाऊस गुणिले तास. वारा वेगवान आणि मुक्काम थोडा, यापेक्षा वारा मंद आणि मुक्काम मोठा, हा पाहुणा आपल्याला महाग पडतो. अमेरिकेत २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'हार्वे' वादळाने हेच केले. टेक्सासच्या किनाऱ्यावर चढल्यावर एका दिवसात त्याचा वारा मंदावला, पण ते तेथेच घुटमळत राहिले आणि काही ठिकाणी आठवड्याभरात १,५०० मि.मी. हून अधिक पाऊस पाडून गेले. आपल्या जळगावात दोन वर्षांत मिळूनही एरवी तेवढा पडतोच असे नाही.

'गुलाब'ची गोष्ट विदर्भात संपली नाही. त्याचे अवशेष आपल्यावरून आणि गुजरातवरून सरकत सरकत अरबी समुद्रात उतरले, कोमट पाणी मिळताच पुन्हा बाळसे धरू लागले, आणि १ ऑक्टोबरला त्यांचे नवे चक्रीवादळ झाले. त्याचे नाव 'शाहीन'. ३ ऑक्टोबरच्या रात्री ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. संपले म्हणून ज्याची बातमी आपण मिटवली, ते वादळ चार दिवसांनी परदेशात माणसे मारून गेले.

याहून भीषण उदाहरण चीनमधले आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये 'नीना' नावाचे वादळ तैवान ओलांडून चीनच्या किनाऱ्यावर उतरले, नेहमीप्रमाणे क्षीण झाले आणि आत शिरत शिरत शेकडो कि.मी. वरच्या हनान प्रांतात जाऊन अडकले. तेथे एका ठिकाणी २४ तासांत १,००० मि.मी. हून अधिक पाऊस झाला. ता. ८ ऑगस्टच्या पहाटे बानच्याओ हे मोठे धरण फुटले आणि त्यापाठोपाठ इतर अनेक धरणे गेली. मृतांच्या आकड्याविषयी मतभेद आहेत, पण कमीत कमी अंदाजही हजारोंच्या घरातला आहे. समुद्रकिनारा न पाहिलेली माणसे वादळाने मेली.

खानदेशाला या बाबतीत आपले म्हणून एक जादा कारण आहे. ते वर्गातल्या नकाशावर पाहता येईल. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात. तापी मात्र मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेला वाहते. बंगालच्या उपसागरातून येणारे अवदाबही पश्चिमेकडेच सरकतात. म्हणजे पावसाचे ढग आणि नदीचा पूर एकाच दिशेने, एकामागून एक चालतात. वर मेळघाटात आणि पूर्णेच्या खोऱ्यात पडलेले पाणी भुसावळजवळ हतनूरला पोचते, तोवर ढगही तेथे येऊन बरसू लागलेले असतात. मग वाघूर, गिरणा, बोरी, अनेर आणि पांझरा आपापले पाणी त्यात आणून ओततात. नदी उलट दिशेने वाहत असती, तर खालचे पाणी आधी निघून गेले असते आणि वरचे मागून आले असते. येथे सारे एकदम येते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाले ते याच वाटेने आलेल्या पाण्यामुळे, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये, मध्ये उकाईचे धरण असूनही, ते पुन्हा बुडाले. ही पावसाळी अवदाबांची उदाहरणे आहेत, नाव मिळालेल्या चक्रीवादळांची नव्हेत. पण नदीला नावाशी कर्तव्य नसते. हतनूरच्या ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले हे आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरच्या एखाद्या क्षेत्राने ठरवलेला असतो.

पाऊस झाला, आता मामांच्या केळीकडे येतो, कारण त्यांचे नुकसान वाऱ्याने झाले होते आणि वारा तर खरोखरच कमी झाला होता.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. ताशी ३० कि.मी. वारा समोरच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण ४ किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. ६० ला तो १६ किलो होतो, ९० ला ३६, आणि १२० ला सुमारे ६५ किलो. या हिशेबाने अलिबागच्या माणसापेक्षा चोपड्याचा माणूस पुष्कळच सुखी. पण पुढल्या प्रश्नाकडे आपण लक्ष देत नाही. समोर उभे आहे कोण? नारळाचे झाड पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या वाऱ्यात वाढलेले असते. केळीचे झाड तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झाडच नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकात एक गुंडाळलेली वळकटी असते. तिच्यात लाकूड नसते. या पोकळ, पाणीदार खांबाच्या टोकाला वीस-पंचवीस किलोचा घड एका बाजूला लटकलेला, आणि वर शिडासारखी पसरलेली रुंद पाने. पाने शिरांच्या दिशेने फाटतात ही केळीने स्वतःसाठी केलेली सोय आहे. फाटक्या पानातून वारा निघून जातो आणि रेटा कमी होतो. तरीही ताशी ५०-६० चा झोत तिला पुरेसा होतो. त्यात पावसाने जमीन मऊ झालेली असली की मुळांची पकड सुटते, आणि कोरड्या जमिनीत जे खोड उभे राहिले असते ते चिखलात मुळासकट कोसळते. त्या रात्री पाऊस आधी आला होता आणि मोठे झोत मागून.

'झोत' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शिडीवरचा आकडा तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो, हे वर सांगितलेच. खोड काही सरासरीने मोडत नाही. ते दोन-तीन सेकंदांच्या एका फटक्याने मोडते. सरासरी ४५ असली तरी झोत ६० च्या पुढे जाऊ शकतो. आणि जमिनीवर आलेल्या वादळाच्या पट्ट्यांत गडगडाटी ढग असले, तर त्यांच्यातून खाली कोसळणारी थंड हवा आपला निराळाच फटका देते. 'अवदाब, वारा ताशी ४५' हे वाक्य केळीच्या शेतकऱ्याला निर्धास्त करणारे नाही, हे मला त्या संध्याकाळी कळायला हवे होते.

या साऱ्यात दोष कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारील. हवामान खात्याचा तो आहे असे मला वाटत नाही. 'निसर्ग'चा मार्ग त्यांनी आधी बऱ्यापैकी बरोबर वर्तवला होता आणि वाऱ्या-पावसाचे इशारे उत्तर महाराष्ट्रालाही दिले होते. दोष मी आमच्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे आणि बातम्या लिहिणाऱ्यांकडे घेतो. बातमी लिहिणाऱ्याला चार शब्दांचा मथळा हवा असतो. 'वादळ क्षीण, धोका टळला' हे चार शब्द त्याला तयार मिळतात. त्यातले पहिले दोन खात्याचे असतात, उरलेले दोन त्याचे स्वतःचे. आणि आम्ही वर्गात 'जमिनीवर वादळाची शक्ती संपते' हे एका ओळीचे उत्तर लिहून घेतो, त्याला एक गुण देतो आणि पुढच्या प्रश्नाला लागतो. मीही वर्षानुवर्षे असेच लिहून घेतले. ज्या वर्गाला ते लिहून दिले, त्यातलेच विद्यार्थी पुढे बातमीदार झाले, ग्रामसेवक झाले, शेतकरी झाले.

यावर एक आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला, आणि तो वजनदार आहे. तो म्हणाला, प्रत्येक अवदाबाला तुम्ही भयंकर म्हणू लागलात तर लोक ऐकेनासे होतील. लांडगा आला रे आला, अशी गत होईल. खरे आहे. पावसाळ्यात असे चार-दोन अवदाब सरकत येतात आणि त्यांतले कित्येक आपल्याला हव्याहव्याशा पावसाखेरीज काही देत नाहीत. खानदेशासारख्या अवर्षणाच्या मुलखात तर त्यांची वाटच पाहिली जाते. म्हणून भीती वाढवणारा शब्द मला नकोच आहे. मला आकडा हवा आहे. 'क्षीण झाले' याच्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: येत्या २४ तासांत पाऊस किती मिलिमीटर, वाऱ्याचे झोत किती, आणि हे किती तास चालेल. खात्याच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ६४.५ मि.मी. च्या पुढे पाऊस 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार' असतो. हे तीन आकडे दहावीच्या मुलाला ताशी वेगाच्या शिडीइतकेच पाठ असायला काय हरकत आहे?

आकड्याला अर्थ येतो तो मात्र स्वतः मोजल्यावर. १०० मि.मी. म्हणजे काय, हे ज्याने आपल्या शाळेच्या अंगणात कधी मोजले नाही, त्याला तो आकडा ऐकून काहीच वाटणार नाही. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सरळ बाजूंचा, २० सें.मी. व्यासाच्या तोंडाचा डबा घ्या. त्यात ३१४ घन सें.मी. पाणी जमले तर पाऊस १० मि.मी. झाला. डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून दूर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा; हवामान खातेही त्याच वेळी मोजते. मोठ्या पावसात डबा भरून वाहणार नाही एवढा तो उंच असावा. धुळ्याच्या एखाद्या शाळेने असे मोजावे आणि वर साक्रीच्या बाजूच्या शाळेने मोजलेला आकडा रोज मागवून शेजारी लिहावा. साक्रीच्या डोंगरांत ८० मि.मी. झाला की पांझरेचे पाणी धुळ्यात पुलापाशी किती तासांनी चढते, हे दोन पावसाळ्यांत त्या मुलांना कोणालाही न विचारता सांगता येईल.

वाऱ्याची दिशाही लिहावी. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. नैर्ऋत्येकडून ईशान्येला जाणारे 'निसर्ग'सारखे वादळ येत असेल, आणि वारा आग्नेयेकडून सुरू होऊन पूर्व, ईशान्य, उत्तर असा फिरत गेला, तर केंद्र आपल्या दक्षिणेकडून निघून गेले असे समजावे. तोच आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य असा फिरला तर ते उत्तरेकडून गेले. एका झेंडीवर आणि होकायंत्रावर हे कळते. जून २०२० मध्ये शाळा साथीमुळे बंद होत्या, नाहीतर त्या रात्रीच्या अशा नोंदी आपल्याजवळ तालुक्या-तालुक्यांच्या असू शकल्या असत्या.

सप्टेंबर २०२१ मध्ये, 'गुलाब' तेलंगणात असताना, मामांचा पुन्हा फोन आला. प्रश्न तोच होता. या वेळी मी पत्रक शेवटपर्यंत वाचले होते. मी सांगितले, "वारा मोठा नाही, टेकूंना घाई करू नका. पण पाऊस दोन दिवस राहील आणि शंभर मिलिमीटरपर्यंत जाऊ शकेल. नाल्याकाठची मोटार वर काढा आणि बागेतले पाणी बाहेर पडायला चर मोकळा करून ठेवा." मामांनी विचारले, "शंभर म्हणजे किती रे?" मी म्हणालो, "अंगणात सरळ डबा ठेवा, त्यात वीतभराच्या निम्मे पाणी." त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा वरून कापून अंगणात ठेवला. तो अजून तेथेच आहे. नातवंडे रोज सकाळी पट्टी बुडवून मोजतात आणि कॅलेंडरवर लिहितात.